सोलापुरात रिकामी इमारत मिळत नाही

इमारतींचे फोटो काढणारी माणसं सोलापूर स्टेशनवर उतरतात ती बहुधा विजापूरची गाडी पकडायला. गोलघुमट त्यांना बोलावत असतो, सोलापूर वाटेत लागतं. यंदा जानेवारीच्या अखेरीस मी मुद्दाम सोलापूरसाठीच सोलापूरला गेले. मावशी मुरारजी पेठेत राहते, त्यामुळे मुक्कामाचा प्रश्न नव्हता. कॅमेरा, एक वाइड लेन्स, एक लांब पल्ल्याची लेन्स आणि ट्रायपॉड एवढंच सामान. गुरुवारी संध्याकाळी पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेस पकडली आणि रात्री दहाच्या सुमारास मावशीच्या ताटावर बसले. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. "शनिवारी पाणी येणार आहे, तेवढं लक्षात ठेवून फिर," हे तिचं पहिलं वाक्य. त्याचा अर्थ मला शनिवारी कळला.

शुक्रवार : तलाव, किल्ला आणि पाळणे

पहाटे स्वेटर घालून निघाले. सोलापूरच्या हिवाळ्याचं हे एक आहे, की सहा वाजता स्वेटर लागतो आणि अकरा वाजता टोपी. सिद्धेश्वर तलावाच्या पाण्यावर धुक्याचा पातळ थर होता आणि मधोमध सिद्धेश्वराचं मंदिर. सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातले शिवयोगी, बसवेश्वरांचे समकालीन. तलाव त्यांनी खोदवला आणि शहराभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली अशी इथली श्रद्धा. त्यांची समाधी याच आवारात आहे.

उजेडाचं गणित इथं सोपं आहे. तलाव किल्ल्याच्या पूर्वेला. म्हणजे सकाळी मंदिराच्या बाजूला उभं राहिलं की कोवळं ऊन थेट तटावर पडतं आणि काळपट दगड तासभर मधाच्या रंगाचा दिसतो. हेच उलट, किल्ल्याच्या बाजूने पाहिलं तर मंदिरामागून सूर्य वर येतो. दोन्ही एका सकाळी जमवायच्या नादाला लागू नका. मी तटाचा फोटो निवडला.

फ्रेम लावून पाण्यावरचा तरंग थांबायची वाट बघत होते, तेवढ्यात स्नान करून आलेले एक आजोबा शेजारी येऊन उभे राहिले. पांढरं धोतर, कपाळाला भस्म. "किल्ल्याचा काढताय होय? मग जत्रेत यायचं की ओ. आता काय आहे इथं?" यात्रा नुकतीच संपली होती. संक्रांतीच्या दिवसांत सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात, बाराबंदी म्हणजे बंदांचा पांढरा अंगरखा घातलेले हजारो लोक बरोबर चालतात, संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो, होम मैदानावर होम. आजोबांनी हे सगळं मला मराठीत सांगायला सुरुवात केली आणि मध्येच येऊन बसलेल्या दुसऱ्या आजोबांशी वाद घालताना सहज कन्नडमध्ये गेले. वाद कोणता नंदीध्वज किती जड यावर होता. तो मिटला नाही. दोघांनाही मी फोटोत घेतलं, तट मागे. माझ्या त्या सकाळच्या फोटोंत हाच सगळ्यात चांगला आहे.

किल्ल्यात शिरायला तिकीट आहे, नाममात्र. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, म्हणून ट्रायपॉड लावायचा असेल तर आधी परवानगी काढावी लागते. मी तो तिकीटखिडकीपाशी ठेवून हातानेच काढले. भुईकोट असल्याने चढण नाही, वयस्कर माणसांना घेऊन आरामात फिरता येतं.

दुहेरी तट हे या किल्ल्याचं वैशिष्ट्य. बाहेरचा तट बहमनी काळातला मानतात. आतला त्याहून उंच, म्हणजे बाहेरची भिंत पडली तरी आतल्या भिंतीवरून मारा करता यावा. बाकीच्या बाजूंना खंदक, पूर्वेला तलाव. तटात जुन्या देवळांचे कोरीव दगड बसवलेले दिसतात. आतल्या बागेत एका जुन्या देवळाचे खांब उभे आहेत, त्यांच्यावरची नक्षी टिपायला सकाळी नऊपर्यंतचं तिरकं ऊन हवं. दुपारी तेच खांब सपाट दिसतात.

या किल्ल्याच्या इतिहासातला मला आवडणारा भाग हुंड्याचा. निजामशाही आणि आदिलशाही या दोघांच्या सरहद्दीवर सोलापूर, आणि दोघांनाही ते हवं. आदिलशहाच्या बहिणीचं लग्न अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी झालं तेव्हा सोलापूर देण्याचं ठरलं, ते दिलं गेलं नाही आणि त्यावरून लढाया झाल्या. पुढे तालिकोटच्या लढाईच्या (१५६५) थोडं आधी निजामशाहीची चांदबिबी अली आदिलशहाला दिली, तेव्हा सोलापूर तिच्याबरोबर विजापूरकरांकडे गेलं. देण्याघेण्यावरून दोन घराणी पिढ्यान्‌पिढ्या भांडतात, त्यातलाच प्रकार, फक्त इथं तोफा होत्या. मराठेशाहीच्या शेवटच्या अंकातला एक प्रवेशही इथे घडला. मे १८१८ मध्ये जनरल मन्रोच्या इंग्रज फौजेने हा किल्ला घेतला.

तटावरून खाली होम मैदान दिसतं, आणि तिथे मला अपेक्षा नव्हती ते होतं. यात्रेनिमित्त भरणारी गड्ड्याची जत्रा अजून पूर्ण उठली नव्हती. मोठा पाळणा उभा, निम्म्या दुकानांचे नुसते बांबू राहिलेले, मौत का कुआंची पाटी जमिनीवर उलटी पडलेली. लांब लेन्सने पाहिल्यावर बुरूज आणि पाळणा एकमेकांना चिकटून उभे दिसले. रात्री परत येऊन दिवे लागलेल्या पाळण्याचा आणि अंधारातल्या तटाचा फोटो काढला. पाळणेवाल्याने एक्सपोजर होईपर्यंत चाक फिरवत ठेवलं, आत एकही माणूस नसताना. पैसे घेईना. मग मीच त्या पाळण्यात बसले आणि तिकिटाचे दिले.

शुक्रवार दुपार : इंद्रभुवन

सोलापूर महानगरपालिकेची इमारत म्हणजे इंद्रभुवन. अप्पासाहेब वारद या सोलापूरच्या धनिकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा वाडा स्वतःच्या हौसेने बांधला. पुढे शहराने त्यात आपला कारभार थाटला. कमानी, खांब, कठडे, नक्षी, सगळं एकावर एक. संस्थानिकाच्या राजवाड्यात असतो तेवढा थाट आणि दारात पाणीपट्टीची पावती हातात घेतलेली माणसं.

इथे कार्यालयीन दिवशीच जा, असं मी सांगेन, आणि हे बहुतेक फोटोग्राफर सांगतील त्याच्या नेमकं उलट आहे. रविवारी समोरचं आवार मोकळं मिळेल, रेषा सरळ येतील. पण कमानीखाली पायरीवर बसून अर्ज लिहिणारा माणूस, खांबाला टेकवलेली सायकल, जिन्यावरून फायलींचा गठ्ठा नेणारा शिपाई हे नसतील तर इंद्रभुवन नुसता एक श्रीमंताचा वाडा उरतो. असे वाडे खूप आहेत. ज्यात मुलाच्या जन्माचा दाखला मिळतो असा वाडा सोलापुरात आहे.

काढताना एक पथ्य. जवळून वाइड लेन्स वर केली की उभ्या रेषा आत झुकतात आणि इमारत मागे पडते आहे असं वाटतं. जागा असेल तेवढं मागे सरकून कॅमेरा पातळीत धरा, खालची जमीन जास्त आली तर नंतर कापा. आत जाण्याआधी सुरक्षारक्षकाला विचारलेलं बरं. मी ज्यांना विचारलं त्यांनीच उलट विचारलं, "कुठल्या पेपरच्या ओ?" कुठल्याच नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. तरीही एकाने मला बाजूला नेऊन नक्षीचा एक भाग दाखवला, "हे कुणी बघत नाही, तुम्ही घ्या." खरोखर कुणी पाहणार नाही अशा कोपऱ्यात ते होतं.

संध्याकाळी चार पुतळा. नकाशात चार हुतात्मा चौक शोधा, रिक्षावाल्याला मात्र 'चार पुतळा' म्हणा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले चौघे. आदल्या वर्षी, ६ एप्रिल १९३० ला, सोलापूरच्या नगरपालिकेवर तिरंगा चढला होता आणि मे महिन्यात इंग्रजांनी शहरात मार्शल लॉ पुकारला होता. १२ जानेवारी होऊन गेल्यामुळे पुतळ्यांभोवती वाळलेले हार अजून दिसत होते. अंधार पडायच्या आधीच्या निळ्या उजेडात, दोन-तीन सेकंदांचं एक्सपोजर ठेवलं की गाड्यांच्या दिव्यांच्या रेघा पुतळ्यांच्या पायाशी येतात. अडचण एकच, वाढदिवसाच्या फलकांची. कुठल्याही कोनातून उभं राहा, कुणीतरी दादा चष्मा लावून हात जोडून हुतात्म्यांच्या शेजारी हजर. सोलापुरात फलकांचा सुकाळ आहे आणि त्याबद्दल माझं मत छापण्यासारखं नाही.

रात्री पार्कच्या बाजूला डिस्को भजी खाल्ली. सोलापूरबाहेर हे नाव ऐकलं नव्हतं. भूक ठेवून जा.

शनिवार : पूर्व भाग, आणि मग पाणी

सकाळी काका बरोबर आले. काका म्हणजे मावशीचे यजमान, गिरणीत विणाई खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, होते, गिरण्या बंद पडल्या त्याला आता तीस वर्षं होतील. फोटो काढायचे म्हटल्यावर त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला.

साखर पेठ, अशोक चौक, दत्त नगर या भागाला सोलापूरकर 'पूर्व भाग' म्हणतात. पाट्या मराठी आणि तेलुगू. तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेल्या पद्मशाली विणकरांची ही वस्ती. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तो याच समाजाचा. इथे बघण्यासारखी एखादी इमारत नाही, अख्ख्या गल्ल्याच बघायच्या. खाली माग, वर घर. गल्लीत शिरण्याआधी आवाज येतो, खट-खटा-खट, आणि मग कळतं की तो एका घरातून नाही, सगळ्या भिंतींतून येतो आहे.

एका कारखान्यात काकांनी सरळ "काय अण्णा, कसं चाललंय?" म्हणत प्रवेश केला. ओळख कसलीच नव्हती. मालकाने त्यांचे हात पाहिले आणि विचारलं, "कुठल्या मिलमध्ये होता?" पुढची पंधरा मिनिटं मी नव्हतेच तिथे. जेकार्डवर चादर चढलेली, वर पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या पट्ट्यांची साखळी फिरते, त्या भोकांवर ठरतं कुठला ताणा उचलायचा, आणि खाली मोराची नक्षी उमटत येते. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, पण मालकाला त्याहून सुताचा भाव जास्त महत्त्वाचा वाटत होता, ते योग्यच. खोलीत उजेड छपरातल्या काचेतून येत होता, तंतू हवेत तरंगताना दिसत होते. आयएसओ वाढवा, फ्लॅश वापरू नका. कामगाराची नजर धाग्यावर असते. कॅमेरा पिशवीतून काढलात की वर धूळरोधक काहीतरी हवं, तंतू लेन्समध्ये शिरतात. परवानगी विचारा, चहा नाकारू नका. मालकाने आपल्या दारावरच्या पाटीसकट फोटो काढायला लावला आणि नंबर दिला, "पाठवा की मग."

नाश्ता तिथल्याच एका छोट्या हॉटेलात, इडली आणि झणझणीत चटणी, पुठ्ठ्यावर वाढलेली. बसायला जागा नाही, आणि कुणी ती मागतही नाही.

परत येताना काकांनी रिक्षा मुरारजी पेठेच्या बाजूला वळवली. सोलापूरची पहिली कापड गिरणी १८७७ साली शेठ मोरारजी गोकुळदासांनी काढली. लोक तिला 'जुनी मिल' म्हणत आले, आणि मिल गेल्यावरही पत्ता सांगताना 'जुनी मिल कंपाउंड' म्हणतात. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा आणखी गिरण्या उभ्या राहिल्या. काका म्हणाले, "घड्याळ कुणाकडं होतं? भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की जेवायचं. पाळी संपली की रस्ता भरून माणसं." मी फोटो कशाचा काढावा याचा विचार करत होते, ते मला "इथून इथपर्यंत साचे", म्हणजे माग, असं हाताने दाखवत होते, आणि समोर पार्किंग होतं. मी त्यांच्या हाताचा काढला.

गिरण्यांवरून धुराड्यांचं, म्हणजे चिमण्यांचं, निघालं म्हणून सांगते. अलीकडच्या काळात सोलापुरात सगळ्यात जास्त गाजलेली चिमणी कापड गिरणीची नव्हे, सिद्धेश्वर साखर कारखान्याची. विमानतळाच्या वाटेत येते म्हणून १५ जून २०२३ ला ती पाडली. पक्ष कुठलाही असो, तिच्याबद्दल मत नसलेला माणूस मला भेटला नाही. रिक्षावाल्याचं तर दोन्ही बाजूंनी होतं.

जवळच भैय्या चौकात डॉ. कोटणीस स्मारक आहे, ते सोडू नका. द्वारकानाथ कोटणीस १० ऑक्टोबर १९१० ला याच घरात राहणाऱ्या कुटुंबात जन्मले. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, जपानविरुद्धच्या युद्धात आघाडीवर जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले, तिथेच लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. चीनमध्ये शाळकरी मुलांना हे नाव ठाऊक असतं. घर २०१२ पासून स्मारक म्हणून खुलं आहे. साधं, मध्यमवर्गीय घर. इंद्रभुवनाच्या दुसऱ्या दिवशी ते पाहिल्यामुळे असेल, पण मला इथे जास्त वेळ लागला. चीनहून पाहुणे आले की इथे हार घालून जातात. मी होते तेव्हा एक शाळेची सहल आली, आणि पोरांनी बाहेर रांग लावून माझ्याकडूनच फोटो काढून घेतले. घर मागे, पुढे विजयाची बोटं दाखवणारी पन्नासेक पोरं.

दुपारी तीनला मावशीचा फोन. "पाणी आलंय." शहराला नळाचं पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांआड येतं, आणि येतं तेव्हा घरातल्या प्रत्येकाला काम असतं. मी बादल्या भरल्या, गच्चीवरच्या टाकीचं झाकण धरलं. त्या निमित्ताने गच्चीवर गेले ते बरंच झालं. संध्याकाळच्या उन्हात नजर जाईल तिथवर काळ्या, पिवळ्या टाक्या. चिमण्यांच्या शहराची आजची आकाशरेषा ही आहे. लांब लेन्सने टाक्यांचे थर एकमेकांवर दाबून काढले. ड्रोन उडवायचा मोह होईल, पण विमानतळ शहराला लागून आहे, परवानगीशिवाय नको.

रविवार : कुंभारी

शहराबाहेर अक्कलकोटच्या बाजूला कुंभारी. इथे विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकर वसाहत आहे, दहा हजार घरांची, २००६ साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. त्याच परिसरात रे नगर. मंजूर घरं तीस हजार, त्यातली पंधरा हजार १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान मोदींच्या हस्ते सुपूर्द झाली. दोन्हींमागे कामगारांची वर्षानुवर्षांची चळवळ आणि आडम मास्तरांचं, म्हणजे माकपचे नेते नरसय्या आडम यांचं, नाव आहे. वारसा इमारतींच्या यादीत हे कधी येत नाही. मला विचाराल तर सोलापूरच्या नव्या खुणांमध्ये याहून मोठी खूण नाही.

सारख्या इमारती, सारख्या खिडक्या, एकापाठोपाठ एक ओळी. वाऱ्यावर वाळत घातलेल्या साड्या मात्र सारख्या नव्हत्या. दहाच्या आत जा, नंतर ऊन डोक्यावर येतं आणि सावल्या उरत नाहीत. एका दारात एक अक्का मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. तेंदूचं पान कापायचं, जर्दा घालायचा, वळायचं, दोरा बांधायचा. बोलताना नजर माझ्याकडे, बोटं आपली चालूच. "घर झालं हे चांगलं झालं, पण गाव लांब पडलं," म्हणाल्या. माल पोचवायला आणि पानं आणायला जाण्यायेण्याचा खर्च. फोटो काढू का विचारल्यावर आधी सून बाहेर आली, मग शेजारीण, मग दोन मुलं. अख्ख्या जिन्याचा फोटो झाला.

काकांच्या एका मित्राच्या शेतात दुपारी हुरडा होता. कोवळी ज्वारी शेणीच्या आगीत भाजून, हातावर चोळून, शेंगाची चटणी, दही, गूळ. यावर मी जास्त लिहीत नाही, कारण हुरड्याचा फोटो कधीच चांगला येत नाही आणि तोवर हातही काळे झालेले असतात. जानेवारीत गेलात तर कुणाच्या तरी ओळखीने शेत गाठा, एवढंच. चटणी विकत घ्यायची तर उखळात कुटलेली आहे का विचारा. मिक्सरमधली कोरडी भुगा होते, कुटलेलीला तेल सुटतं.

रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने परत निघाले. गाडीतच पूर्व भागातल्या मालकांना फोटो पाठवला, माग, मोराची चादर आणि वर पाटी. उत्तर कुर्डुवाडीच्या आधी आलं : "बोर्ड क्लिअर आलाय मॅडम. पुढच्या टायमाला टॉवेलचा पण काढा की."